लिंडसीवाल्या मेधाताई

मेधाताई सबनिसांशी कुठल्याही विषयावर बोलायला सुरुवात करा, थोड्याच वेळात त्या इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर पोचलेल्या असत. जर्मनीतल्या आमच्या डार्मश्टाटच्या इंडियन दुकानात ताजा कढीपत्ता कुठल्या दिवशी येतो, इथून निघालेलं बोलणं लिंडसीच्या दलदलीत जाऊन थांबलेलं मी स्वतः ऐकलं आहे. समोरचा कंटाळत नसे, हे त्यातलं विशेष. मी कंटाळायचा प्रयत्न करून पाहिला होता. जमला नाही.

आजच्या नकाशात लिंडसी चटकन सापडत नाही. इंग्लंड हा एक देश होण्याआधी तिथे जी लहानमोठी राज्यं होती, त्यातलं हे एक. एका अंगाला समुद्र, बाकीच्या अंगांना नद्या आणि पाणथळ, म्हणजे जवळजवळ बेटच. शेजारची दोन बलाढ्य राज्यं आळीपाळीने ते ताब्यात घ्यायची. तिथल्या राजांची नुसती नावं उरली आहेत. ते कुणाशी लढले, कशाने गेले, त्यांच्या बायका कोण होत्या, काही ठाऊक नाही. पुढे डेन्मार्ककडून व्हायकिंग आले, त्यांच्या मोठ्या सैन्याने एक अख्खा हिवाळा तिथल्या नदीकाठी तळ ठोकून काढला, आणि काही वर्षांनी त्यांच्यापैकी कितीतरी जण तिथेच जमिनी कसायला लागले.

"बिचाऱ्यांचा इतिहास लिहायला कुणी बसलंच नाही गं," मेधाताई म्हणायच्या. मिरजेत आपल्या आळीतल्या एखाद्या दुर्लक्षित घराबद्दल बोलावं तसा त्यांचा आवाज व्हायचा.

त्या धातूंच्या अभ्यासक. इथल्या युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये त्यांना काही वर्षांची जागा मिळाली होती. व्हायकिंगांच्या त्या तळाच्या जागी आता शेतं आहेत आणि नांगरटीत तिथे शिशाच्या सोंगट्या सापडतात. हिवाळ्यात करायला काही नाही म्हटल्यावर सैनिक पट मांडून बसायचे. त्या सोंगट्यांमधलं शिसं कुठून आलं, हे शोधणं मेधाताईंचं काम. पन्नाशीच्या आसपासचं वय, केस बारीक कापलेले, अंगात फ्लोमार्क्टमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, घेतलेला पुरुषी कोट. तो त्या कुणाच्याही घरी लवकर काढायच्या नाहीत. "बसत नाही, निघायचंच आहे," असं म्हणत तीन तास बसायच्या, कोटासकट. बोलताना समोरच्याच्या ताटातलं काहीतरी उचलून खायच्या आणि ते त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

माझी आणि त्यांची ओळख मीच करून घेतली, हे आधी सांगायला हवं. मी इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. माझी मुलगी ईरा तेव्हा आठ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून यायचं ते जर्मन. "ईरा, जेवायला ये," म्हटलं की "ग्लाइश, मामा." ग्लाइश म्हणजे लगेच, आणि मामा म्हणजे आई. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना वाटलं माझा भाऊ आला आहे. त्या दारापर्यंत जाऊन बघून आल्या. आम्ही हसलो, पण आजीशी नात खुणांनी बोलते हे त्या सबंध मुक्कामात मला टोचत राहिलं. म्हणून मी रविवारचा मराठी वर्ग सुरू केला. चर्चच्या हॉलमधली एक खोली मिळवली, पुण्याहून अंकलिपी मागवली, फळ्यावर कमळ काढलं. मुलं यायची, 'कमळ' म्हणायची आणि मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन जर्मनमध्ये भांडायची. हळूहळू आईबापांना पोहण्याचे क्लास आठवायला लागले.

मेधाताई गणपतीत भेटल्या. मीच म्हणाले, "एकदा मुलांना काहीतरी गोष्ट सांगायला या ना."

"येते की," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी त्यांनी फळ्याकडे पाहिलंही नाही. पिशवीतून मसुराची डाळ काढून टेबलावर ओतली आणि बोटाने सारून तिचा नकाशा केला. ही नदी, ही दुसरी नदी, हा समुद्र. मग मुलांना विचारलं, "तुम्ही बोटीतून आलात. थंडी पडायला लागलीय. राहणार कुठे?" मुलं टेबलावर ओणवी झाली. एकाने जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. मेधाताई म्हणाल्या, "मला नाही समजलं." त्यांना उत्तम जर्मन येतं, हे मला माहीत होतं. मुलाने अडखळत, हात नाचवत, मराठीत सांगितलं. "हां, पाण्याच्या जवळ. का बरं?" आणि पुढचा तासभर त्या खोलीत मोडकंतोडकं, उलटंसुलटं मराठी चाललं होतं. मी दाराशी खडूचा डबा घेऊन उभी होते.

त्याच दिवशी त्यांनी मुलांना सांगितलं की लिंडसीत आजही किती गावांची नावं 'बी'वर संपतात, ती त्या डॅनिश लोकांनी ठेवलेली. बी म्हणजे गाव. आणि काही नावं 'थॉर्प'वर संपतात. "थॉर्प म्हणजे काय, सांगा बघू. तुम्हाला येतं."

 ईरा हळूच जर्मनमध्ये म्हणाली, "डॉर्फ?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. आणि आपल्याकडे त्याला काय म्हणतात?"

"वाडी," ईरा म्हणाली.

हा शब्द तिला कुठून आला मला आजही माहीत नाही. मी तो तिला शिकवलेला नव्हता. घरी जाताना ट्राममध्ये ती खिडकीबाहेर बघत स्टॉपची नावं वाचत होती आणि प्रत्येकाचं मराठी काय होईल ते स्वतःशी जुळवत होती. मी विचारलं, "आवडली का गं गोष्ट?" ती म्हणाली, "जा, फोल गूट." म्हणजे, हो, एकदम मस्त. मला उत्तर जर्मनमध्ये.

तिथून माझा जळफळाट सुरू झाला. दुसरा शब्द मी शोधत बसत नाही. वर्ग भरायला लागला, न्युरेम्बर्गला राहायला गेलेलं एक कुटुंब केवळ त्यासाठी महिन्यातून एकदा गाडी काढून यायला लागलं. सगळे मला म्हणायचे, "तू केवढं छान काम सुरू केलंस," आणि डोळे मेधाताई आल्यात का ते शोधत असायचे. माझा नवरा संदीप कधी वर्गाला फिरकला नव्हता. तो आता खुर्च्या मांडायला यायला लागला आणि शेवटपर्यंत बसायला लागला.

नोव्हेंबरमध्ये त्यांनी मुलांना र्‍हाईनच्या जुन्या वळणातल्या बेटावर न्यायचं काढलं. हवा गार, आभाळ राखाडी, पायाखाली चिखल. पालकांची तोंडं वाकडी. मेधाताई कोट सावरत सगळ्यांच्या पुढे.

"लिंडसी असंच दिसत असणार," त्या म्हणाल्या. "आता सांगा, तुम्हाला शूर वाटतंय का?"

"नाही," मुलं म्हणाली.

"काय वाटतंय?"

"थंडी."

"त्यांनाही तेच वाटत होतं. लढाई दोन दिवस चालते. हिवाळा चार महिने. त्या तळावर तलवारी थोड्या सापडल्या. सुया, सूत कातायच्या चात्या, होड्यांचे खिळे मात्र पुष्कळ. म्हणजे बसून काय करत होते?"

"शिवत होते," एक मुलगी म्हणाली. "बायका पण होत्या?"

"असणार की. चाती कोण फिरवणार? पण पुरुषही फाटलेलं शीड शिवत असतील. मोजे नसतील तर व्हायकिंगसुद्धा रडतो."

मुलं हसली. मग संदीपने, माझ्या चाळीस वर्षांच्या नवऱ्याने, शाळेतल्यासारखा हात वर केला. "पण मेधाताई, आधीचे जे लिंडसीचे लोक होते, ते तरी मूळचे तिथलेच का?"

मेधाताईंचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. "नाही ना. तेही होड्यांतूनच आलेले. आणि कुठून, माहितीय? इथून. जर्मनीच्या वरच्या टोकाकडून."

ईराने यावर बराच वेळ विचार केला. परतताना तिने त्यांचा हात धरला होता. माझा हात तिने पहिलीत गेल्यापासून रस्त्यात धरला नव्हता. ती विचारत होती, "मेधामावशी, मग त्या व्हायकिंगांची मुलं घरी काय बोलायची?"

"दोन्ही. दोन्ही भाषा मोडून. आईला एक कळायचं, शेजाऱ्यांना दुसरं. त्या मोडतोडीतूनच पुष्कळ इंग्रजी शब्द आलेत. 'विंडो' त्यांचाच. वाऱ्याचा डोळा."

"आई रागवायची का त्यांची?"

मेधाताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळत होतं असं मला त्या क्षणी वाटलं. त्या म्हणाल्या, "आईला काळजी वाटायची. ते रागवल्यासारखंच दिसतं."

या वाक्याबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मला उलट असं वाटलं की माझ्या मुलीला माझ्याबद्दल समजावून सांगायचं कामसुद्धा यांनीच करावं का.

सासूबाई त्या वर्षी पुन्हा आल्या. त्यांना नातीचं मराठी ऐकून डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणामुळे हे ईराने लगेच सांगून टाकलं. माझ्याशी मात्र ती अजूनही जर्मनच बोलायची. मग मेधाताईंना जेवायला बोलावणं आलंच. सासूबाईंनी कटाची आमटी केली. मेधाताईंनी ताटात भाताचं लिंडसी केलं, भोवती आमटी ओतली, आणि सासूबाई, ज्यांनी आयुष्यात कुणाला अन्नाशी खेळू दिलं नव्हतं, त्या विचारत होत्या, "मग यांचं देऊळ कुठे होतं?" मेधाताईंनी भातावर लिंबाची फोड ठेवली.

जेवण झाल्यावर सासूबाईंनी जे विचारलं, ते मला केव्हापासून विचारायचं होतं. "अहो, तुमच्या घरी कोण कोण?"

"भाऊ आहे मिरजेला. मी एकटीच. लग्न केलं नाही."

"का हो?"

"राहून गेलं नाही, आई. नको वाटलं."

मी आतून भांडी आवरता आवरता ऐकत होते. मला खरोखर वाटत होतं की आता आवाज कापेल, आता काही तरी निघेल. एखादा मोडलेला साखरपुडा, एखादं न झालेलं मूल. असं काही निघालं असतं तर मी त्यांच्यावर मनापासून प्रेम करू शकले असते. सासूबाईही त्याच वाटेवर होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकटं वाटत असेल."

मेधाताईंनी थोडा विचार केला. विचारलं आहे म्हणून खरंखुरं उत्तर द्यावं, अशी त्यांची सवय. "कधीकधी पावसाळी रविवारी वाटतं. मग मी लॅबमध्ये जाते. नाही हो आई, मी बरी आहे. मला जे करायचं होतं तेच मी करते."

दुःख नव्हतंच. हे मला सगळ्यात जड गेलं. मी भांडी विसळत उभी राहिले आणि स्वतःला विचारत राहिले की माझ्याकडे असं काय आहे, ज्याच्यासाठी मी पावसाळी रविवारी घराबाहेर पडेन.

त्यांच्या गोष्टींमध्ये मुलांची सगळ्यात लाडकी गोष्ट छपराची होती. लिंडसीतल्या मठांवर शिशाचे पत्रे होते, व्हायकिंगांनी मठ लुटले, पत्रे उचकटून तळावर आणले आणि हिवाळ्यात वितळवून त्याच्या सोंगट्या ओतल्या. देवाच्या छपराच्या सोंगट्या. ही नुसती गोष्ट नव्हती, मेधाताईंचा अंदाजच तो होता, आणि त्यावरच त्यांचं सगळं संशोधन उभं होतं. ईराने शाळेत त्यावर एक रेफेराट, म्हणजे वर्गासमोरचं छोटं भाषण, केलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मेधाताई वर्गात आल्या आणि नेहमीसारखं टेबलावर काही मांडलं नाही. खुर्ची ओढून मुलांच्या समोर बसल्या.

"मला एक सांगायचंय. छपराची गोष्ट चुकली."

 ईरा म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे मी चुकले. आम्ही शिसं तपासलं. ते मठाच्या शिशाशी जुळत नाही. पुन्हा तपासलं, दुसऱ्यांकडून करून घेतलं. नाहीच जुळत. किती वेळा वितळवलेलं, ठिकठिकाणचं मिसळलेलं शिसं आहे ते. बहुधा बाजारातून विकत घेतलेलं."

"म्हणजे त्यांनी चोरलं नाही?"

"हे तरी नाही."

ईराचा चेहरा लालबुंद झाला. "पण तू सांगितलं होतंस. मी शाळेत सांगितलं." हे सगळं मराठीत. माझी मुलगी मराठीत भांडत होती, अस्खलित. "मी सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटं होतं."

"खोटं नव्हतं. चूक होती. मला तेव्हा तसं खरंच वाटत होतं. आता वाटत नाही, म्हणून सांगायला आले." मेधाताईंचा आवाज नेहमीसारखाच होता. "रागावलीस तर रागव. मलाही माझा राग आला होता, आठवडाभर."

"मग आता गोष्ट काय?"

"आता गोष्ट अशी, की लुटारू बाजारात जाऊन शिसं विकत घेत होते. विचार कर की. मग बाजार कुणाचा होता? विकणारा कोण होता? घाबरला नसेल तो?"

 थोड्या वेळाने ईराची खुर्ची पुढे सरकलेली मी पाहिली.

नंतर हॉलला कुलूप लावताना मी मेधाताईंना म्हणाले, "मुलांना कशाला सांगितलंत? त्यांना काय कळणार होतं? किती सुंदर गोष्ट होती."

"सुंदर होती ना," त्या म्हणाल्या. "मलाही फार आवडायची." आणि सायकलचं कुलूप काढायला लागल्या.

त्यांचं काँट्रॅक्ट बेफ्रिस्टेट होतं, ठरावीक मुदतीचं. ते वाढेल असं सगळे धरून चालले होते. पण ज्या अंदाजावर पुढचं काम मागायचं तो अंदाजच त्यांनी स्वतः मोडून टाकला होता, आणि तसं भर बैठकीत उभं राहून सांगितलंही होतं. मुदत वाढली नाही. संदीपला वाटलं त्या खचतील. तो त्यांच्यासाठी म्युनिकमधल्या ओळखी काढायला लागला. मीही दोन ठिकाणी फोन केले. मन लावून केले, की त्या जातील म्हणून आतून सुटल्यासारखं वाटत होतं ते झाकायला केले, मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही खरं असावं.

त्या एक दिवस येऊन म्हणाल्या, "अगं, नका करू काही. मला मिळालीय जागा. लिंकनजवळ एक लहानसं संग्रहालय आहे. अर्धवेळ आहे, पगारही बेताचाच. पण शेतकऱ्यांना नांगरटीत जे सापडतं ते तिथे घेऊन येतात. थेट हातात येईल माझ्या." लिंकन म्हणजे लिंडसीचंच जुनं शहर. त्या तिकडे विमानाने जाणार नव्हत्या. हॉलंडपर्यंत रेल्वे आणि पुढे बोट. समुद्राकडून तो किनारा पहिल्यांदा कसा दिसतो, ते त्यांना बघायचं होतं.

डार्मश्टाटच्या स्टेशनवर आम्ही तिघं पोचवायला गेलो. सामान फार नव्हतं. ईराने त्यांना घट्ट मिठी मारली आणि कानात काहीतरी सांगितलं. काय ते मी विचारलं नाही. मेधाताईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "वर्ग सोडू नकोस हं. तुझी शिस्त होती म्हणून माझ्या गोष्टी चालल्या." मी हो म्हणाले. हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की त्यात दिलासा देण्याचा भाग किती, खरं किती, हे मला ठरवता आलं नाही. त्यांच्या बाबतीत खरंच असणार.

गाडी सुटायला अवकाश होता. त्यांची खिडकी आमच्या समोरच आली. आम्ही हात हलवत उभे. त्या आत जागेवर बसल्या, बॅग वर ठेवली, आणि शेजारच्या म्हाताऱ्या जर्मन माणसाने त्यांना काहीतरी विचारलं. बहुधा कुठे जाता म्हणून. त्या त्याच्याकडे वळल्या. पाठमोऱ्या मेधाताईंचे हात हलायला लागलेले काचेतून दिसले. त्या माणसाने पेपर घडी करून बाजूला ठेवला. गाडी हलली तरी त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं नाही. संदीप हात हलवतच राहिला.

मला माझ्या मुलीसाठी राग आला. निदान तिच्याकडे तरी बघायला हवं होतं. मी ईराकडे पाहिलं, ती रडत असेल म्हणून. ती हसत होती.

"आई, बघ," ती म्हणाली, "ती त्या आजोबांना पण सांगतेय."

हे ती मला मराठीत म्हणाली. त्याची मी किती वर्षं वाट पाहिली होती. पण मी तेव्हा तिच्याकडे बघत नव्हते. मी दूर जाणाऱ्या त्या खिडकीकडे बघत होते आणि मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटत होता. त्याला आता हॉलंडपर्यंत सगळं पहिल्यापासून ऐकायला मिळणार होतं.